सदतीस चिठ्ठ्या आणि एक शब्द : जेरुसलेममधले सहा दिवस

सोमवार, २६ मार्च २०१८

"कुणी तुम्हाला काही न्यायला दिलंय का?" या प्रश्नाला विमानतळावर "नाही" म्हणायचं असतं. मावशींना, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या आईला, हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही खोटं बोलवलं नाही. "हो, दिलंय ना," म्हणाल्या आणि पर्समधून झिपची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. आत सदतीस चिठ्ठ्या. घड्या घातलेल्या, काही पिना मारलेल्या, एक तर चक्क लाखेने बंद केलेली. वसईतल्या त्यांच्या गावातल्या लोकांनी दिल्या होत्या, "क्रुसापाशी ठेवा" असं सांगून.

पुढचा सव्वा तास सांगण्यासारखा नाही. चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या गेल्या. तपासणाऱ्या मुलीला मराठी येत नव्हतं, त्यामुळे गावाची पापं सुरक्षित राहिली. लाखेची तेवढी मावशींनी उघडू दिली नाही. ती यंत्रातून दोनदा फिरवून परत दिली.

मी मैत्रिणीची पाहुणी म्हणून या गटात शिरले होते. गट एकोणीस जणांचा : बरेचसे वसईचे कॅथलिक, पाच जण नगरकडचे प्रोटेस्टंट, बरोबर एक फादर आणि एक निवृत्त पाळकसाहेब. हिंदू मी एकटीच. माझं आयुष्य शब्दकोशाच्या कामात गेलं आणि एक शब्द डोक्यात अडकून बसला होता : प्रायश्चित्त. मराठी बायबलमध्ये हा शब्द येशूच्या मरणासाठी वापरलेला दिसतो आणि दर वेळी मला ठेच लागते. आपल्याकडे ज्याने पाप केलं त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं. उपास, दान, क्षौर, पंचगव्य. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढा वाद पेटला, न्यायमूर्ती रानड्यांनासुद्धा प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहा रानड्यांचा, प्रायश्चित्त रानड्यांचं, हिशेब सरळ. इथे मात्र चूक सगळ्यांची आणि प्रायश्चित्त भलत्याचंच. हे कसं काय बसतं, ते जिथे घडलं तिथे जाऊन विचारावं म्हटलं.

संध्याकाळी न्यू गेटजवळच्या सिस्टरांच्या अतिथिगृहात पोहोचलो. दगडी खोल्या, पंखा नाही, आणि थंडी मार्चच्या मानाने चांगलीच. शाल आणायला विसरू नका. दिवसा ऊन लागतं, पण सूर्य कलला की हे डोंगरावरचं शहर गारठतं.

मंगळवार, २७ मार्च

सकाळी ऑलिव्हच्या डोंगरावर. वर टॅक्सीने जायचं आणि पायी उतरायचं, हाच शहाणपणा. उतार तीव्र आहे आणि फरशा गुळगुळीत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. नाश्त्याला रस्त्यावर लांबोडकी, तिळाची काआक, म्हणजे पावाची कडी, मिळते. सोबत कागदाच्या पुडीत झातर, म्हणजे वाळलेल्या पाल्याचा मसाला, देतात, त्यात बुडवून खायची. आमच्यातल्या एका काकांनी झातर ही मुखशुद्धी समजून तळहातावर घेऊन टाकली तोंडात. मग अर्धा तास खोकत होते.

वर पातेर नोस्तेर नावाचं चर्च आहे. येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली ती जागा हीच, अशी परंपरा. भिंतींवर ती प्रार्थना शंभराहून जास्त भाषांमध्ये टाइल्सवर लिहिलेली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारी बंद करायची वेळ झाली होती, निम्म्या भिंतीसुद्धा बघून झाल्या नाहीत. दाराबाहेर उभं राहून सगळ्यांनी ती मराठीत म्हटली आणि मध्येच एका ओळीवर आवाज फाटले. कॅथलिक मंडळी म्हणाली, "आमच्या अपराधांची क्षमा कर," आणि नगरकर म्हणाले, "आमची ऋणे आम्हांस सोड." मग पुन्हा सगळे एका सुरात.

मी लगेच चिकटले. अपराध की ऋण?

"मत्तयच्या शुभवर्तमानात ऋणच आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आणि ऋण दुसरा फेडू शकतो. शिक्षा दुसऱ्याने भोगली तर तुम्हाला अन्याय वाटतो ना? पण मुलाचं कर्ज बापाने फेडलं तर कुणी बँकेवर मोर्चा नेत नाही."

उत्तर चांगलं होतं. उतरताना फादरांनी त्याला पुस्ती जोडली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म नावाच्या, कँटरबरीचा आर्चबिशप असलेल्या विचारवंताने हाच हिशेब नीट मांडला : माणसाने देवाचा मान हिरावला, ते देणं माणसानेच द्यायला हवं, पण देणं इतकं मोठं की ते फक्त देवालाच परवडतं, म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही. मला त्यात सरंजामदाराचा दरबार दिसला. फादर हसले. "तो दरबारातच राहत होता. प्रत्येक जण आपल्या घरातली भांडी वापरतो."

त्याआधीचे लोक दुसरी भांडी वापरत. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तो आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. खंडणी म्हटलं की कोणाला, हा प्रश्न येतोच. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने उत्तर दिलं : सैतानाला. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपने तर चित्रच काढलं : माणूसपण हे आमिष, देवपण हा गळ, आणि सैतान मासा. "आणि देवाने फसवून जिंकायचं?" मी विचारलं. "हा प्रश्न त्या काळातल्या लोकांनाही पडला," फादर म्हणाले. नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पना मुळीच सहन झाली नाही : दरोडेखोराला खंडणी, तीही देवाकडून? मला हा दुसरा ग्रेगरी फार आवडला.

खाली गेथसेमानीची बाग, येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली ती. नावाचा अर्थ तेलाचा घाणा. कुंपणाच्या आत आठ म्हातारी ऑलिव्हची झाडं आहेत, खोडं पिळलेल्या कपड्यासारखी. तपासणीत त्यातल्या काही खोडांचं वय बाराव्या शतकापर्यंत मागे गेलं. म्हणजे येशूच्या रात्रीची ही झाडं नव्हेत, पण नऊशे वर्षं हा काही कमी पल्ला नाही. शेजारचं चर्च १९२४ सालचं, अंतोनियो बार्लुझ्झी या इटालियन वास्तुविशारदाचं. आत भर दुपारी जांभळा अंधार. खिडक्यांना काच नाही, पातळ अलाबास्टर आहे. वेदीपुढे उघडा खडक आणि त्याभोवती लोखंडी काट्यांचं बुटकं कुंपण. मावशी तिथे गुडघे टेकून इतका वेळ राहिल्या की मैत्रीण हळूच म्हणाली, "आईला उठवायला दोघी लागणार."

दोघी लागलो. चिठ्ठ्यांची पिशवी मात्र त्यांनी पर्समधून काढली नाही. "क्रुसापाशी सांगितलंय," एवढंच.

बुधवार, २८ मार्च

आजचा दिवस या प्रवासातला सगळ्यात अनपेक्षित.

ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीपाशी सकाळी गेलो. पुरुष आणि बायका वेगळ्या भागात. तपासणी होते, पण रांग सकाळी आठच्या आत गेलात तर लहान असते. भिंतीच्या फटींत लोक चिठ्ठ्या कोंबतात हे ऐकून होते. पण फटी बऱ्यापैकी रिकाम्या होत्या. त्या फटींकडे मी बघत असताना मागून आवाज आला, "वर्षातून दोनदा साफ करतात बाई. आता सण आला ना."

मराठीत! ऐंशीच्या घरातल्या आजी, डोक्याला रुमाल, खांद्यावर पिशवी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. जन्म अलिबागकडचा, लहानपणीच आईबापांबरोबर इकडे आलेल्या, आता लोद शहरात राहतात आणि नातीबरोबर आल्या होत्या. माझं आणि मैत्रिणीचं बोलणं ऐकून थांबल्या. त्यांचं मराठी अगदी जुन्या वळणाचं, मध्येच हिब्रू शब्द खड्यासारखा.

काढलेल्या चिठ्ठ्यांचं काय करतात, मावशींनी विचारलं. "पुरतात," आजी म्हणाल्या. "ऑलिव्हच्या डोंगरावर. देवाला लिहिलेलं असतं, कचऱ्यात कसं टाकणार?"

बाकावर बसून मग तासभर गप्पा. त्यांच्याकडे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, म्हणजे योम किप्पुरला, कोकणात नाव होतं दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर कडक उपास, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मी कोशात हे शब्द पाहिलेले होते. ते कुणाच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"त्या दिवशी सगळं माफ होतं?" मी विचारलं.

"देवाचं माफ होतं. माणसाचं नाही. माणसाचं काही केलं असशील तर आधी त्या माणसाकडे जायचं, त्याला मनवायचं. तो राजी झाल्याशिवाय किप्पुर काही करत नाही." हे नुसतं आजींचं मत नाही, मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, तसा स्पष्ट नियम आहे.

"आणि तो माणूस राहिलाच नसेल तर?"

आजींनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. "दहा माणसं घेऊन कबरीवर जायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, मी याचं असं असं केलं."

"आमच्यात कबर नसते."

"मग गं?" आजी म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मलाही.

निघताना मावशींना म्हणाल्या, "घाल की तुझ्या चिठ्ठ्या इथेच, जागा आहे." मावशींनी पिशवी छातीशी धरली आणि मान हलवली. दोघी एकमेकींच्या गालाला हात लावून निघाल्या.

दुपारी बसने यहुदियाच्या वाळवंटात, वादी केल्टच्या कड्यापर्यंत. शहरापासून अर्ध्या तासात हिरवं संपतं आणि पिठासारखे डोंगर सुरू होतात. मार्चअखेर असल्याने उतारांवर गवताची पुसट साय होती. टोपी आणि दीड लिटर पाणी माणशी. कड्यावर कठडा सगळीकडे नाही.

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी इथल्याच प्रदेशातला. दोन बकरे. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी, त्याचं रक्त मंदिराच्या अगदी आतल्या खोलीत. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडतात. नंतरच्या काळात त्याला कड्यावरून ढकलत, असं मिश्ना सांगते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि दोन्ही बकरे थांबले.

पाळकसाहेब कड्याशी उभे राहून म्हणाले, "हा पहा, जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा." नेमक्या त्याच वेळी खालून एका बेदुईन पोराच्या चाळीसेक शेळ्या वर आल्या आणि त्यातली एक पाळकसाहेबांच्या पिशवीतलं केळं घेऊन गेली. फादरांना हसू आवरेना. पण मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी मला या सगळ्या दिवसांत सर्वांत उपयोगी पडली. हिब्रूतला 'किप्पुर'चा धातू; त्याचा अर्थ कुणी झाकणं लावतात, कुणी पुसणं. कराराच्या कोशाच्या, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या, झाकणालाही त्याच धातूवरून नाव, मराठी बायबलात ते दयासन होतं. इंग्रजीने वेगळीच वाट धरली. सोळाव्या शतकात विल्यम टिंडलने बायबल इंग्रजीत आणताना 'ॲटोनमेंट' रुळवला. त्याची फोड 'ॲट-वन', म्हणजे एक होणं. तुटलेलं जुळणं.

"म्हणजे समेट," मी म्हणाले.

"पौलाच्या पत्रात मराठीने तोच शब्द घेतलाय."

मग प्रायश्चित्त का घेतला? कारण भाषांतर करणाऱ्याला जे कपडे घरात टांगलेले असतात तेच घालावे लागतात. फादर स्टीफन्सनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, तसंच हे. पण आपल्या प्रायश्चित्तात करणारा मी असतो, आणि त्यांच्या प्रायश्चित्तात करणारा देव. शब्द एक, कर्ता उलटा. बसमध्ये मी हे वहीत लिहून घेतलं आणि वही मांडीवर तशीच राहिली. आजींचं "मग गं?" काही केल्या जात नव्हतं.

गुरुवार, २९ मार्च

दिवस इकडेतिकडे गेला. बाजारात वल्हांडण या ज्यू सणाची गर्दी, ज्यू वस्तीत दुकानांतले पावाचे कप्पे कागदाने झाकायला सुरुवात झालेली. सणाच्या आठवड्यात तिकडे खमिराचं काही मिळत नाही, मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्तीत मात्र सगळं मिळतं. दमास्कस गेटच्या आत गरम हुम्मस आणि फूल, म्हणजे बाकल्याच्या बियांची उसळ, खाल्लं. बरोबर कच्च्या कांद्याची फोड देतात. आमच्या मंडळींचा जीव त्या कांद्याने भांड्यात पडला.

रात्री नऊ वाजता पुन्हा गेथसेमानी. पवित्र गुरुवारची ही प्रार्थना कुणालाही खुली आहे, पण बसायला जागा हवी तर दीड तास आधी जा. आम्ही बाहेर उभे राहिलो. आत खडकावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, त्याचा वास दारापर्यंत आला. मग हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन किद्रोनच्या खोऱ्यातून वर, सेंट पीटर इन गालिकांतू चर्चकडे. गालिकांतू म्हणजे कोंबड्याचं आरवणं. घुमटावर सोनेरी कोंबडा आहे. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं, ती ही जागा मानतात. शेजारी जुन्या दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्या खरोखर प्राचीन आहेत.

वारा बोचत होता. मावशींना पायरीवर बसवलं. फादर म्हणाले, "तुमचा प्रश्न ना? मग हे ऐका. त्या रात्री दोघांनी दगा दिला. यहूदाला पस्तावा झाला. तो याजकांकडे गेला, 'मी पाप केलं' म्हणाला, येशूला पकडून देण्यासाठी घेतलेले तीस रुपे परत टाकले आणि स्वतःला शिक्षा केली. पेत्र काय करतो? बाहेर जाऊन रडतो. बस. काही परत करत नाही, काही भोगत नाही. आता तुमच्या कोशाप्रमाणे सांगा, प्रायश्चित्त कुणी केलं?"

मी गप्प. कोशाप्रमाणे यहूदानेच केलं होतं. कबुली, परतफेड, दंड, तिन्ही.

"मग तो का बुडाला?"

"कारण त्याने सगळं एकट्याने उरकलं," फादर म्हणाले. "पेत्र थांबला. तिसऱ्या दिवसापर्यंत नुसता थांबला."

पाळकसाहेबांना यावर बरंच म्हणायचं होतं. कृपा, विश्वास, कर्मं; कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं सोळाव्या शतकातलं भांडण आमच्या पायरीवर येऊन बसलं. त्यांच्या मते पेत्राची शिक्षा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने भोगली, एवढं साधं आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनपासून हे मत पक्कं झालं : निवाडा झाला, दंड ठरला, आणि न्यायाधीशाच्या मुलाने तो स्वतःवर घेतला. फादर म्हणाले, शिक्षा हा शब्द जरा जपून, नाहीतर बाप रागावलेला आणि मुलगा दयाळू असे दोन देव होतात. "मुलगा आणि बाप एकच," पाळकसाहेब ठासून म्हणाले, "दंड ठोठावणारा तोच आणि भरणाराही तोच." त्यांचं हे वाक्य मला फादरांच्या सावधगिरीपेक्षा जास्त भिडलं, हे कबूल करते. मावशी मध्येच म्हणाल्या, "चला, गारठले मी," आणि वाद मिटला.

शुक्रवार, ३० मार्च

त्या वर्षी गुड फ्रायडे आणि वल्हांडणाची संध्याकाळ एकाच दिवशी आली होती. सकाळी मेआ शेआरीम या कट्टर ज्यूंच्या वस्तीच्या बाजूने गेलो तर गल्लोगल्ली शेकोट्या : सणाआधी घरातलं उरलंसुरलं खमीर जाळत होते, पोरं होळीसारखी नाचत होती.

व्हिया दोलोरोसाची क्रुसाची वाट एरवी दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू काढतात, तुम्ही कुठल्याही आठवड्यात गेलात तरी मिळेल. आणि खरं सांगू? गुड फ्रायडेपेक्षा साधा शुक्रवार बरा. आज ढकलाढकलीत चौदांपैकी तीनच थांबे मला दिसले. सैनिक, अडसर, सेल्फीच्या काठ्या, भाड्याने मिळणारे लाकडी क्रूस, आणि मध्येच कपड्यांच्या दुकानातून "मॅडम, पश्मिना!" पाचव्या थांब्यावर कुरेनेकर शिमोनाची जागा. रस्त्याने चाललेल्या माणसाला पकडून क्रूस उचलायला लावला, तो हा. भिंतीत एक दगड आहे, हात लावून लावून खळगा पडलेला. मावशींनी चिठ्ठ्यांची पिशवीच त्या खळग्यावर टेकवली. मागच्या पोलिश बाईने ढकललं तेव्हा पुढे सरकल्या.

पवित्र कबरीच्या चर्चबद्दल आधी एक सूचना : नकाशा पाहून जा, नाहीतर काहीच कळणार नाही. बाहेरून ते चर्च वाटतच नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेलं आणि ३३५ साली समर्पित झालेलं, १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमने पाडलेलं, क्रुसेडवाल्यांनी पुन्हा उभारून ११४९ मध्ये समर्पित केलेलं. आत सहा पंथ आहेत आणि प्रत्येकाचा खांब, दिवा, झाडायची वेळ ठरलेली. दरवाज्यावरच्या सज्जात एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून उभी आहे, कारण ती कुणी हलवायची हे ठरत नाही. आणि किल्ली? शतकानुशतकं मुस्लिम कुटुंबांकडे. एका घराण्याकडे किल्ली, दुसऱ्याकडे दार उघडायचा मान. समेटाच्या सगळ्यात पवित्र जागी ख्रिस्ती लोकांचा आपापसात एवढाही समेट नाही, हे बघून मला हसावं की काय कळेना. पाळकसाहेब म्हणाले, "म्हणून तर तो मेला."

आत शिरल्यावर उजवीकडे उभ्या दगडी पायऱ्या. वर गुलगुथा, येशूला क्रुसावर चढवलं ती जागा. एका बाजूला लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, वेदी, आजूबाजूला मोझेक; त्यात अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघाल्याचं चित्र आहे. दुसऱ्या बाजूला ग्रीक वेदी, चांदीने मढलेली, आणि वेदीच्या खाली एक भोक. वाकून, जवळजवळ रांगत आत शिरायचं आणि भोकात हात घालून खडकाला स्पर्श करायचा. दीड तास रांग. मावशींची पाळी आली तेव्हा त्या पूर्ण आत गेल्या आणि बाहेर येईनात. ग्रीक साधूने आधी हात वाजवले, मग काहीतरी ओरडला. त्यांनी पिशवी खडकाला लावून धरली होती आणि सदतीस नावं म्हणत होत्या.

चिठ्ठ्या तिथे ठेवायला परवानगी नाही. त्या तशाच परत आल्या.

मला जास्त थांबवलं ते खालच्या खोलीने. गुलगुथाच्या बरोबर खाली आदामाचं देऊळ आहे. तिथे काचेमागे वरचाच खडक दिसतो, मधोमध तडा गेलेला. इथे आदामाची कवटी पुरली होती आणि वरच्या क्रुसाचं रक्त तड्यातून तिच्यावर ठिबकलं, अशी जुनी आख्यायिका. क्रुसाच्या चित्रांत पायाशी कवटी का असते ते इथे कळतं. आमचा वाटाड्या जेरुसलेमचाच अरब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. सगळ्यांचे वाद आठवडाभर ऐकून तो कंटाळला असावा. "तुम्ही पश्चिमेकडचे लोक," (वसई आणि नगर त्याच्या हिशेबी पश्चिमेत जमा) "कायम कोर्टात बसता. आम्ही म्हणतो, दवाखाना. माणूस आजारी आहे, मरणात अडकलाय. डॉक्टर मरणात उतरला आणि मरण आतून फोडलं." त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं : तुटलेल्या दरवाज्यांवर उभा येशू, दोन्ही हातांनी आदाम आणि हव्वेला थडग्यातून ओढून काढतोय. हात नाही, मनगट धरलंय. "मनगट का माहीत आहे? हात धरला तर तेही धरतात. मनगट धरलं तर फक्त तोच धरतो."

फादरांनी मान डोलावली. चर्चच्या एकाही वैश्विक परिषदेने यातला एकच अर्थ खरा, असा ठराव केलेला नाही, म्हणाले. येशू कोण यावर परिषदांमागून परिषदा भरल्या. त्याच्या मरणाने नेमकं काय झालं यावर नाही. कोशवाली म्हणून मला हे ऐकून बरं वाटलं. एका शब्दाला पाच अर्थ असले तर आम्ही पाचही क्रमांक घालून देतो.

रात्री फ्रान्सिस्कनांचा दफनविधी. क्रुसावरची मूर्ती खाली उतरवून दाराजवळच्या अभ्यंगशिलेवर ठेवतात आणि सुगंधी तेल लावतात, घरातल्या माणसाला लावावं तसं. बाहेर आलो तेव्हा गच्च चांदणं होतं, पौर्णिमेला एकच दिवस कमी. अतिथिगृहात सिस्टर मोबाइलवर बातम्या बघत होत्या. दिवसभरात गाझाच्या सीमेवर माणसं मारली गेली होती. कुणी काही बोललं नाही. जेवणात मसूर आणि भात होता.

शनिवार, ३१ मार्च

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, जागरणविधी सगळीकडे शनिवारी रात्री होतो. इथे सकाळी साडेसातला. पंथांना वेळा वाटून दिल्यात, त्यामुळे लॅटिनांना पुनरुत्थान सकाळी उरकावं लागतं. मेणबत्त्या भर उजेडात. मला आवडलं.

दुपारी सामान बांधताना मावशी बागेत गेल्या. आजींचं "पुरतात" त्यांनी लक्षात ठेवलं होतं. कोपऱ्यातल्या ऑलिव्हखाली चमच्याने खणायला लागल्या. माळी आला, पन्नाशीचा, बहुधा मुस्लिम. मैत्रिणीने पिशवी दाखवली, "पेपर, पेपर" म्हणाली. त्याने चिठ्ठ्या पाहिल्या, मावशींना पाहिलं, काही विचारलं नाही. चमचा काढून घेतला, कुदळ आणली आणि स्वतः खणू लागला. आम्हाला पुरे वाटलं तरी थांबेना. मांजरीसारखं ओरबाडून दाखवलं, म्हणजे उथळ पुरलं तर उकरतात. कोपरभर खोल गेल्यावर बाजूला झाला.

मावशींनी एकेक चिठ्ठी मोजून आत टाकली. अडतीस निघाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शब्बाथ आणि सण एकत्र, त्यामुळे बस-ट्राम सगळं बंद. अशा दिवशी विमान असेल तर पूर्व जेरुसलेममधली अरब चालकाची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तेलाच्या बाटल्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत ठेवू नका. आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचा, अतिशयोक्ती नाही.

काउंटरवर विशीतली मुलगी, केसांची घट्ट वेणी. मावशींचा पासपोर्ट उलटसुलट केला, इंग्रजीत विचारलं, मैत्रिणीने मराठीत सांगितलं : कुणी तुम्हाला काही न्यायला दिलंय का?

मैत्रिणीने श्वास रोखला होता.

"नो," मावशी म्हणाल्या आणि पर्स पट्ट्यावर ठेवली.